नऊ चमचे तेल

साळूबाईच्या हातचं आम्ही अकरा वर्षं जेवलो. माझी रोजची वही आहे. तिथी, उपवास, पोथीचा कितवा अध्याय झाला, कोण आलं, कोण गेलं, सगळं मी न चुकता लिहिते. परवा मागची पानं चाळली तर साळूबाईचा उल्लेख बहुतेक ठिकाणी दोनच शब्दांत: ‘साळूबाई आली’, नाहीतर ‘साळूबाईची सुट्टी’. आज तिच्याबद्दल नीट लिहायला बसले आहे, कारण तिला मी चोर ठरवलं आणि ती चोर नव्हती.

साळूबाई पाथर्डी तालुक्यातली, डोंगराकडच्या एका वस्तीवरची. लग्नाच्या वर्षीच नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. वीस-बावीस हंगाम केले. नवऱ्याचं नाव श्रीमंत. “आमच्या घरात श्रीमंत म्हनून येकच हुता, त्यो बी गेला,” असं म्हणायची आणि ऐकणारा हसावं की नाही या विचारात असतानाच स्वतः हसून मोकळी व्हायची. मुलगा बजरंग हाताशी आला तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला, नगरला आली आणि सावेडीत स्वयंपाकाची कामं धरली. पुढं गुडघे धरायला लागले तशी बाकीची घरं सोडली, आमचं एकच ठेवलं. जवळच एक खोली घेऊन राहायची. एकदा मी विचारलं, गावी का जात नाही, मुलाजवळ? तर म्हणाली, “गावी गेलं की दिवाळीनंतर टोळीसंगं जावं लागतंय. मागं म्हातारी ठिवायला घरात हाय काय? मला आता फडात न्हाई जायचं, वैनी. तुमचा वटा बरा.” आमचा स्वयंपाकाचा ओटा ही तिची नगरमधली सगळी जागा होती. हे मला तेव्हा ऐकू आलं, समजलं नाही.

तिच्या स्वयंपाकाची एक रीत होती. टोळीवर आठ-दहा माणसांचं कालवण आणि तेलाची बाटली एवढीशी, त्यात आठवडा काढायचा. म्हणून ती कांदा कोरड्या तव्यावर भाजायची, वाटण पाण्यावरच परतायची, शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा उकळू द्यायची आणि सगळ्यात शेवटी पळीत चमचाभर तेल तापवून, त्यात तिखट टाकून वरून ओतायची. रश्श्यावर लालभडक तवंग यायचा. “गड्यांना वर लाल दिसलं की पोट भरतंय,” ती सांगायची. “खाली काय का आसंना.” घरी आलेले पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडं तर्री झकास असते हो. तो तवंग एका चमच्याचा आहे हे मी अकरा वर्षं डोळ्यांनी पाहत होते.

गेल्या श्रावणात ह्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, एक स्टेंट टाकला. हे घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, “काळजाला स्प्रिंग बसवली, आता उड्या मारायच्या.” मला हसू येत नव्हतं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं मला समोर बसवून समजावलं. तेल कुठलंही घ्या, करडईचं घ्या, घाण्याचं घ्या. एका लहान चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी. माणशी दिवसाला तीन चमचे, जास्त नाही. जेवणारे आम्ही तिघं: हे, मी आणि दुपारी साळूबाई. तिघांचे नऊ चमचे. त्या मुलीनं मला चमचासुद्धा दिला, पाच मिलीचा, निळा.

तो साळूबाईच्या हाती दिला तर तिनं उलटासुलटा करून पाहिला.

“ह्यो बाळाच्या औषिधाचा हाय.”

“तेल मोजायचं आता. दिवसाला नऊ.”

“तेलाला बी हजेरी लागली म्हनायची. आन् मोजनार कोन? मला नवाच्या फुडं येत न्हाई.”

“नवाच्या पुढं जायचंच नाही,” हे आतून म्हणाले. तिघंही हसलो.

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनंच युक्ती काढली. तेलाचा एक चमचा घातला की एक चिंचोका वाटीत टाकायचा. दोन्ही वेळच्या भाज्या ती सकाळीच करून जायची. संध्याकाळी मी फक्त भाकरी टाकायची, तिला तेल लागत नाही. ती गेली की मी चिंचोके मोजायची आणि वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायची. नऊ. आठ. नऊ. एकादशीला सहा. पुण्याला असलेली आमची लेक दिपाली रोज फोनवर विचारायची आणि मोबाईलमध्ये कॅलरी भरायची. मला या हिशोबात एक प्रकारचं समाधान मिळायला लागलं होतं. पारायणाचे अध्याय पुरे होत जातात ना, तसं.

त्याच श्रावणात मी आणखी एक गोष्ट केली होती. हे दवाखान्यात असताना मी देवाला बोलले होते, हे घरी धडधाकट आले तर दिवाळीपर्यंत पहाटेपासून निजेपर्यंत समई विझू देणार नाही. आधी माझं दिव्याचं तेल वेगळं असायचं, पूजेच्या दुकानातली बाटली. पण मनात आलं, आपण घाण्याचं चांगलं करडईचं तेल खायचं आणि ज्यानं कुंकू राखलं त्याला दुकानातलं कसलं तरी घालायचं? म्हणून देवालाही स्वयंपाकाच्याच कॅनमधलं सुरू केलं. रोज पहाटे आंघोळ झाली की ओलेत्यानं स्वयंपाकघरात जायचं, कॅनच्या तोटीखाली तांब्याची लोटी धरायची आणि देवघरात न्यायची. किती घेतलं ते पाहायचं नाही. आई म्हणायची, देवाच्या तेलाला माप लावलं की बरकत जाते. मापाचं सोडाच, दिव्याचं तेल हे माझ्या मनात कधी तेलच नव्हतं.

साळूबाई साडेआठला यायची. तोवर माझी पूजा उरकलेली असायची.

महिनाभरानं दिपाली म्हणाली, “आई, चमचे ठीक आहेत, पण कॅन पण बघत जा. दोन्हीचा मेळ बसला पाहिजे.” पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. मी नवा आणला तेव्हा मापानं तेल ओतत ओतत बाहेरून पेनानं रेघा मारल्या. आठवडा झाला. चिंचोक्यांप्रमाणे सव्वातीनशे मिली जायला हवं होतं. कॅन उतरला होता सव्वासहाशे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, थोडं इकडंतिकडं. म्हणजे माणशी तीन नाही, सहा चमचे. एकशेपस्तीस कॅलरीच्या जागी दोनशेसत्तर.

“मावशी खोटं बोलतात असं नाही म्हणत मी,” दिपाली म्हणाली, “पण कॅन तरी खोटं का बोलेल?”

मला तो तवंग दिसायला लागला. ह्यांच्या ताटात रस्सा वाढला की लाल तेल काठाला जायचं. त्यात ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल फारसं उतरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अहो, सहा महिने तरी द्या. मी दिले नाहीत.

एके दिवशी भाजी चिरता चिरता साळूबाईनं कॅन फिरवून पाहिला.

“वैनी, ह्या रेघा कशाच्या?”

“हिशोबाच्या.”

“माझ्या?”

“तेलाच्या,” मी म्हटलं. तिनं कॅन होता तसा ठेवला. त्या दिवशी चिंचोके सातच निघाले. दुसऱ्या दिवशी सहा. भाजी कोरडी, घशाशी अडकणारी. हे म्हणाले, “साळूबाई, आज रुसलात का?” ती भाकरी वाढून आत गेली. आणि कॅन मात्र तसाच उतरत होता, जवळजवळ तेवढाच. मला वाटलं, पाहा, चिंचोके कमी टाकून आपल्याला दाखवते आहे.

नवरात्र झालं, कोजागरी झाली. त्यानंतरचा शनिवार होता. ती भाकरी थापत होती. एक तव्यावर, एक परातीत. मी दारात उभी राहिले आणि जे दहा दिवस घोळत होतं ते बोलले.

“साळूबाई, तेल कुठं जातं?”

“कोन्तं तेल?”

“तुमचे चिंचोके सहा-सात. कॅन पंधरा चमच्यांनी उतरतो. रोज.”

तिनं भाकरी उलटली. “मंग कॅनाला इचारा की. मी टाकलं तेवढं सांगितलं.”

“ह्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, साळूबाई. थट्टा नको.”

“मी कुटं थट्टा करती? सायबाला मी जास्तीचं घालीन व्हय? माझ्या हातानं?”

इथं थांबायला हवं होतं. तिचा आवाज खरा होता, आणि तो मला ओळखता येत होता. पण माझ्याजवळ आकडे होते. मी म्हटलं, “भाजीत नसेल जात तर मग जातं कुठं? घरी नेत असाल तर सांगून न्या. मी काही नाही म्हणणार नाही.”

हे वाक्य मी अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलले. तेच जास्त वाईट झालं.

साळूबाईनं तव्यावरची भाकरी होऊ दिली. परातीतली टाकली, ती पण होऊ दिली. गॅस बंद केला, परात धुतली, हात पदराला पुसले. मग दाराआडची तिची पिशवी आणली आणि ओट्यावर उलटी केली. मिश्रीची डबी, कंगवा, एसटीच्या सवलतीचं कार्ड, गुडघ्याला लावायचं मलम आणि मी आदल्या दिवशी प्रसाद म्हणून दिलेलं केळं.

“बघून घ्या, वैनी.”

“अहो, असं काय करता...”

“न्हाई, बघा. नीट बघा.”

मी पाहिलं नाही. तिनं सगळं परत भरलं, केळं तेवढं ओट्यावर राहू दिलं आणि गेली. हे पेपर वाचत होते, ते उठून आले. “काय बोललीस तिला?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अकरा वर्षं झाली गं.” एवढंच. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, ‘साळूबाई सोडून गेली. तेलाचा विषय झाला.’

मग मी स्वतः स्वयंपाकाला लागले. चमचे मोजून. एक थेंब इकडचा तिकडं नाही. घरात जेवणारे आता दोघंच, म्हणून नवाचे सहा केले. आठ दिवसांनी दिपालीच्या सांगण्यावरून रेघ पाहिली. कॅन सव्वापाचशे उतरला होता.

मी पुन्हा पाहिलं. खाली गळतो का म्हणून फडकं फिरवलं. कॅनखालचा कागद कोरडा होता. घरात मी आणि हे. स्वयंपाक माझ्या हातचा, चमचा माझ्या हातातला. रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, कारण मला झोप लागली. पहाटे आंघोळ करून आले, कॅनखाली लोटी धरली, तेलाची धार लागली आणि हात तिथंच थांबला.

मी लोटी ओट्यावर ठेवली. निळा चमचा घेतला आणि देवाचं तेल मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा. सात, आठ, नऊ. आणि तळाला थोडंसं.

समई तशीच लावली. वातीकडं बघवत नव्हतं. पोथी उघडली, पण त्या दिवशी अध्याय झाला नाही. देवाच्या तेलाला माप लावायचं नाही म्हणून मी पहाटे डोळे मिटून ओतत होते आणि दिवसा तेच तेल एका गरीब बाईच्या नावावर मांडत होते. दिपालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “आई, मला दिव्याचं माहीतच नव्हतं.” तिचं काही चुकलं नाही. तिला मी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखी ती गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं.

हे म्हणाले, “चल, आत्ता जाऊ.” तिची खोली चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, आज अमावस्येची तयारी आहे, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दिवाळीची साडी आणि फराळ घेऊनच जाऊ, रिकाम्या हाती कसं जायचं. वहीत चार ठिकाणी लिहिलेलं आहे, ‘उद्या साळूबाईकडं’. एकदा बजरंगच्या नंबरावर फोन लावला, त्याच्या बायकोनं, जयानं उचलला. “हॅलो, कोन?” मी फोन ठेवून दिला. खरं कारण फराळ नव्हतं. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणि ती लाज जरा शिळी होऊ दे असं वाटत होतं.

पाडव्यानंतर गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, “साळूबाई व्हय? काम सुटलं तशी गावी गेली. आता टोळीसंगं गेली आसंल. खोली सोडली तिनं.”

बजरंगला पुन्हा फोन केला. तो सरळ मुलगा आहे, त्यानं सगळं सांगितलं. प्रवरेच्या बाजूला एका कारखान्यावर त्यांची टोळी होती. जया बाळंतीण, बाळ दीड महिन्याचं, तिला वाकायला जमत नाही. “मंग आईच मोळ्या बांधती,” तो म्हणाला.

मार्गशीर्षात, गुरुवारचा उपवास झाल्यावर शुक्रवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. टोळीचा तळ रस्त्यापासून आत, नांगरटीतून चालत जायचा. ह्यांना तेवढं चालणं नको म्हणून त्यांना फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसवलं आणि मी एकटी गेले. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, ओळीनं. बाया फडातून नुकत्याच आल्या होत्या. साळूबाई एका कोपीपुढं चुलीशी बसली होती. डोक्याला कापड गुंडाळलेलं, हातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. मला पाहून तिनं पदर सावरला.

“वैनी? सायेब बरं हायेत ना?”

पहिलं तिनं ते विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, फाट्यावर बसलेत. तिनं पोतं टाकलं, मी बसले. जया बाळाला घेऊन दारात आली. “ह्या व्हय सावेडीच्या? तेलवाल्या काकू?” शेजारच्या कोपीतल्या दोघी-तिघी हसल्या. म्हणजे इथंही सगळ्यांना माहीत होतं. टोळीच्या मुकादमाच्या बायकोनं साळूबाईला टोळीचा स्वयंपाक एकटीनं करू दिला नव्हता, हे जयानंच तिथल्या तिथं सांगितलं. “म्हनली, शेरातनं तेलापायी काढलीया, आपला डबा सांभाळा. आमच्या आत्याबाईंनी वीस वर्सं टोळीचं कालवन केलंय, आन् आता त्यांच्यावर नजर ठिवत्यात.”

साळूबाई म्हणाली, “गप ग. पाहुनी लांबून आलीया.”

मी तिच्याजवळ सरकले आणि हळूच सांगितलं. समईचं, लोटीचं, नऊ चमच्यांचं. ती ऐकत होती. चुलीत काटकी सारली.

“म्हंजी देव खात हुता,” ती म्हणाली आणि हसली, तिच्या त्या जुन्या पद्धतीनं, आधी स्वतःच. “आन् मी म्हनायची, बाई, माझाच हात सैल झाला का काय. शेवटी शेवटी मलाच माझा भरोसा वाटंना.” मग हसू गेलं. “वैनी, येक करा. हे जे मला सांगितलं ते हितं सगळ्यांफुडं सांगा. मोट्यानं.”

मुकादमाची बायको समोरच भांडी घासत होती. जया उभी होती. सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. मी उभी राहिले. देवाशपथ सांगते, वाक्य तोंडाशी तयार होतं. पण सावेडीतल्या माझ्या साडीकडं, चपलांकडं सगळ्यांचे डोळे, आणि माझ्या तोंडून आलं ते असं: “त्या तेलाचा थोडा गैरसमज झाला होता. साळूबाई चांगल्या आहेत.”

“गैरसमज कुनाचा झाला?” जयानं विचारलं.

मी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मुकादमाची बायको पुन्हा भांड्याकडं वळली. साळूबाईनं मला चहा दिला, गुळाचा.

येताना ती नांगरटीच्या कडेपर्यंत आली. मी म्हटलं, “हंगाम संपला की परत या, साळूबाई. ओटा तुमचाच आहे.” ती म्हणाली, “यीन. सायबाला भेटाया यीन, चा पिऊन जाईन. वट्यावर न्हाई यायची. हात भ्याला की सैपाक होत न्हाई.”

मग म्हणाली, “तुमी तेवढं बोलाया आलता, वैनी. मंग ते बोलायचं हुतं.”

“मी आत्ता जाते परत. सांगते सगळ्यांना.”

“आता न्हाई. आता गेलात तर म्हनतील, म्हातारीनं कोपऱ्यात घिऊन पढवलं. जावा, गाडी चुकंल.”

मी तिच्या हाताला हात लावला. तिनं तो लावू दिला आणि मग काढून घेतला, कारण मागून कुणीतरी तिला मोळीसाठी हाक मारत होतं.

फाट्यावर हे उठून उभे होते. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “सगळं सांगितलंस ना? सगळ्यांसमोर?”

मी हो म्हटलं.